अवकाश स्थानकावरून पॅकेट: गोव्यातल्या हॅमना पडणारे प्रश्न

हा प्रकार नेमका काय आहे?

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर हौशी रेडिओचे, म्हणजे हॅम रेडिओचे संच बसवलेले आहेत. हा छंद करणाऱ्यांना हॅम म्हणतात. तुम्ही जमिनीवरून कॉलसाइन (परवान्याबरोबर मिळणारं ओळखनाव), ठिकाण आणि दोन शब्दांचा निरोप असलेलं एक छोटं डेटा पॅकेट पाठवता. स्थानकावरचा संच ते ऐकतो, तपासतो आणि त्याच फ्रिक्वेन्सीवर पुन्हा प्रसारित करतो. या पुनरुच्चाराला डिजिपीट म्हणतात. स्थानक साधारण ४२० किलोमीटर उंचीवर असल्यामुळे त्या क्षणी त्याच्याखाली सव्वादोन हजार किलोमीटर त्रिज्येचा प्रदेश असतो, आणि त्यातल्या कोणालाही तुमचं पॅकेट ऐकू येऊ शकतं. हातातला पाच वॅटचा संच, म्हणजे हँडी, तिसवाडी तालुक्याच्या पलीकडे जेमतेम पोचतो. तोच स्थानकामार्फत श्रीलंकेत किंवा ओमानमध्ये ऐकू येतो.

या पॅकेटांची एपीआरएस ही पद्धत अमेरिकन नौदल अकादमीतल्या बॉब ब्रुनिंगा यांनी बसवली. २०२२ मध्ये ते वारले. त्यांच्या डोक्यात होती ती आसपास काय चाललंय हे सगळ्यांना एकाच वेळी कळवणारी व्यवस्था. लांबलचक गप्पांसाठी ती नाहीच, आणि स्थानकामार्फत पॅकेट पाठवताना हे सारखं आठवत राहतं.

वर कोणी अंतराळवीर बसून उत्तरं देतो का?

नाही. डिजिपीट करणारा संच, म्हणजे डिजिपीटर, आपोआप चालतो. अंतराळवीर आवाजात बोलतात ते वेगळं, आणि त्याची वेळ बहुतेकदा शाळांसाठी आधी ठरलेली असते. अवकाशातून पहिल्यांदा हौशी रेडिओवर बोलले ते ओवेन गॅरियट, १९८३ मध्ये, स्पेस शटलमधून. आपल्या शुभांशु शुक्ला यांनीही २०२५ च्या मुक्कामात स्थानकावरून हॅम रेडिओवर भारतातल्या विद्यार्थ्यांशी गप्पा मारल्या.

लायसन्स लागतं का?

पाठवायचं असेल तर लागतंच, त्यात पळवाट नाही. प्रसारण करणारा संच बिनापरवाना जवळ बाळगणं हाच मुळात गुन्हा आहे. ऑनलाइन स्वस्तात मिळणारा हँडी आधी मागवायचा आणि परीक्षेचं नंतर बघायचं, हा क्रम उलटा करा.

परीक्षा केंद्राच्या दूरसंचार खात्याची, अर्ज सरल संचार पोर्टलवर. वयाची बारा वर्षं पूर्ण हवीत. दोन श्रेणी आहेत. रिस्ट्रिक्टेडला मोर्स (टिंब-रेषांची लिपी) नाही आणि कॉलसाइन व्हीयू३ ने सुरू होतं. जनरलला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स द्यावा लागतो आणि व्हीयू२ मिळतं. दोन्ही श्रेणींत १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा येतो. मात्र आपल्या परवान्यात कोणत्या प्रकारचं प्रसारण आणि किती शक्ती मंजूर आहे ते त्याच कागदावर वाचा. मित्राच्या परवान्यावरून अंदाज बांधू नका.

सेटिंग काय ठेवायचं?

पाठवायला आणि ऐकायला एकच फ्रिक्वेन्सी, १४५.८२५ मेगाहर्ट्झ. एफएम, वेग १२०० बॉड (सेकंदाला १२०० बिट). टोन वगैरे काही लावायचा नाही. पाथच्या (पॅकेटने कोणामार्फत जायचं त्याच्या) रकान्यात फक्त ‘ARISS’ (एरिस) लिहायचं, मोठ्या अक्षरांत. जमिनीवरच्या एपीआरएससाठी घालतात तो ‘वाइड’ वगैरे लांबलचक पाथ इथे नको. स्थानकाचं कॉलसाइन आरएस०आयएसएस किंवा एनए१एसएस असं दिसेल. आधीचं रशियन भागातल्या संचाचं, दुसरं कोलंबस प्रयोगशाळेतल्या संचाचं.

संचाच्या मेनूत दोन गोष्टी बघून घ्या. बॅटरी सेव्हर बंद करा, नाहीतर संच डुलकीतून जागा होईपर्यंत अर्धं पॅकेट निघून गेलेलं असतं. आणि स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबणारी सोय) पूर्ण उघडा. अर्ध्या सेकंदाच्या पॅकेटला स्क्वेल्च उघडण्याची वाट बघणं परवडत नाही. खरखर ऐकावी लागते, घरातले वैतागतात, त्याला इलाज नाही.

गोव्यावरून स्थानक कधी जातं?

रोज चार ते सहा वेळा क्षितिजाच्या वर येतं. दोन गट असतात: एका गटात ते नैऋत्येकडून ईशान्येला जातं, दुसऱ्यात वायव्येकडून आग्नेयेला. गटातले लागोपाठचे पास, म्हणजे उगवण्यापासून मावळेपर्यंतच्या फेऱ्या, साधारण दीड तासाच्या अंतराने येतात, आणि त्यांतला एखादाच डोक्यावरून जातो, बाकीचे बाजूने. मोठ्यात मोठा पास दहा मिनिटांचा. दिवसागणिक वेळा वीस-पंचवीस मिनिटांनी अलीकडे सरकतात, त्यामुळे आज ऑफिसच्या वेळेत येणारा चांगला पास काही दिवसांनी पहाटे येतो.

संगणकावर जीप्रेडिक्ट, मोबाइलवर लुकफॉरसॅट ही ॲप्स वेळा सांगतात. कक्षेचे आकडे आठवड्यातून एकदा तरी ताजे करा, कारण स्थानकाची उंची अधूनमधून इंजिनाने वाढवतात आणि जुन्या आकड्यांवरची वेळ चुकायला लागते. स्थानक डोळ्यांना फक्त संध्याकाळी किंवा पहाटे, त्याच्यावर ऊन आणि खाली अंधार असताना दिसतं. रेडिओला दिवसरात्र सारखीच.

गोव्यात उभं कुठे राहायचं?

या प्रश्नाचं उत्तर लांब आहे, कारण गोव्याचा नकाशाच या कामात पक्षपाती आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला सह्याद्री.

समुद्राकडे बघणाऱ्या सड्यावरून, म्हणजे दोनापावल, ताळगावचं पठार किंवा दक्षिणेत काब द राम, पश्चिमेचं क्षितिज अगदी पाण्यापर्यंत मोकळं मिळतं. स्थानक क्षितिजावर येतं तेव्हा ते सुमारे २,३५० किलोमीटर दूर असतं, पाच अंशांवर चढेपर्यंत १,८६० वर येतं, दहा अंशांवर १,५०० च्या आत, आणि थेट डोक्यावर असेल तर ४२०. क्षितिज आणि डोकं यांतला फरक सिग्नलच्या भाषेत १५ डेसिबल, म्हणजे तीसपट शक्ती. तरीही समुद्राकडचे ते खालचे अंश सोडू नका. तिकडे इमारती नाहीत, विजेच्या तारांची खरखर नाही. मुख्य म्हणजे स्थानक अरबी समुद्रावर असताना त्याच्याखाली हॅम थोडे असतात. युरोपवर तोच डिजिपीटर पॅकेटांनी इतका गजबजलेला असतो की तिथल्या हॅमना परतीचं एक पॅकेट मिळायलाही मारामार. आपल्याकडे समुद्रावरच्या पासात कधीकधी सगळं स्थानक आपलंच असतं.

पूर्वेच्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे, चित्र उलटं. पंधरा किलोमीटरवर हजार मीटरचा डोंगर उभा असला की पूर्वेचे जवळजवळ चार अंश झाकले जातात. पासाचं शेवटचं सुमारे मिनिटभर गेलं म्हणून समजा. पणजीहून तेच डोंगर अंश-दीड अंशापुरते दिसतात, त्रास नाही. सत्तरी, सांगे, केपे इथल्या मंडळींनी डोंगरापासून पश्चिमेला सरकून उघडं माळरान धरावं, पूर्वेकडे उतरणाऱ्या पासात आपलं काम पहिल्या अर्ध्यात उरकावं. माडांच्या भाटात मात्र कुठेच उभं राहू नका. ओल्या झावळ्या सिग्नल खातात.

एक व्यवहाराची गोष्ट. दाबोळीचा विमानतळ नौदलाच्या ताब्यात आहे. त्या परिसरात, बंदराजवळ किंवा कुठल्याही कुंपणाला लागून हातात यागी (एका दिशेला रोखायची काड्यांची अँटेना) घेऊन आकाशाकडे रोखून उभं राहणं शहाणपणाचं नाही. परवान्याची प्रत खिशात ठेवा. किनाऱ्यावर पोलिसाने विचारलं तर शांतपणे दाखवा आणि पॅकेट ऐकवा. बहुतेक जण मग पास संपेपर्यंत थांबतात.

अँटेना कोणती? विकत घेऊ की घरी करू?

घरी करा. पीव्हीसी पाइप आणि हार्डवेअरच्या दुकानातला स्टीलचा मोजपट्टीचा टेप, एवढ्यावर तीन घटकांची यागी होते. हातात धरून स्थानकाच्या मागे फिरवता येते, दुमडून स्कूटरवर नेता येते. स्थानक सरकतं तसा सिग्नल उभा-आडवा होत राहतो, म्हणून अँटेना नुसती रोखून धरू नका, मनगटाने गोल वळवत राहा. कुठल्या कोनात आवाज भरतो ते कानाला लगेच कळतं.

घराच्या गच्चीवर कायम बसवायची असेल तर पाव तरंगलांबीची ग्राउंड प्लेन पुरे. उभी काडी सुमारे ४९ सेंटीमीटर, खाली तेवढ्याच लांबीच्या चार तिरक्या काड्या. तिच्यासाठी हँडी कमी पडतो, पंचवीस-तीस वॅटचा, गाडीत बसवतात तसा संच बरा, अर्थात परवान्यात बसत असेल तर. केबल आखूड ठेवा. बारीक कोअॅक्सची वीस मीटर लांबी अर्धी शक्ती वाटेतच संपवते.

पॅकेट तयार कोण करतं?

तीन वाटा आहेत. केनवुड किंवा येसूच्या काही हँडींमध्ये एपीआरएस आतच असतं. दुसरी वाट, लॅपटॉपवर डायरवुल्फ किंवा साउंडमोडेम हे मोफत प्रोग्राम आणि संचाला जोडणारी ऑडिओ केबल. तिसरी, अँड्रॉइड मोबाइलवर एपीआरएसड्रॉइड आणि तशीच केबल. सुरुवातीला तिसरी वाट स्वस्त, पण मोबाइलची सूचना नेमकी पॅकेटच्या मध्ये वाजली की तोही आवाज अवकाशात जातो. फ्लाइट मोड लावा.

पॅकेटमध्ये काय लिहू?

कमीत कमी. ठिकाण आणि एक ओळ. शंभर अक्षरांचं पॅकेट १२०० बॉडवर पाऊण सेकंदाच्या आसपास हवा अडवतं, शिवाय आपला संच चालू होण्याचा वेळ वेगळा. तेवढ्या वेळात दुसऱ्या कोणाचं पॅकेट चिरडलं जाऊ शकतं.

ठिकाण भरताना अंश आणि मिनिटं अशी पद्धत आहे, दशांश अंशांची नाही. पणजीचा अक्षांश जवळपास १५.५ अंश, म्हणजे १५ अंश ३० मिनिटं. तो १५ अंश ५० मिनिटं असा भरला गेला की स्टेशन ३७ किलोमीटर उत्तरेला, वेंगुर्ल्याच्या बाजूला सरकतं. नकाशावर असे भटके गोंयकार अधूनमधून दिसतात.

कोणाला नाव घेऊन निरोप द्यायचा असेल तर त्याचं कॉलसाइन नऊ अक्षरांच्या जागेत बसवावं लागतं, उरलेली जागा रिकाम्या स्पेसने भरून. प्रोग्राम ते आपोआप करतात, पण हाताने साचा लिहिणारे इथेच अडकतात. आणि सांकेतिक, गुप्त मजकूर किंवा धंद्याची जाहिरात चालत नाही. होमस्टेचा पत्तासुद्धा नाही.

पाठवलं, पण परत काहीच ऐकू येत नाही. का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. आधी बघा की तुम्हाला स्थानक मुळात ऐकू येतंय का. दुसऱ्यांची पॅकेटं किंवा स्थानकाचं स्वतःचं बीकन (अधूनमधून आपोआप येणारं ओळखीचं पॅकेट) ऐकू येत नसेल तर पाठवण्याचं बटण दाबूच नका. कदाचित वरचा संच बंद असेल. अंतराळवीर बाहेर काम करायला निघतात किंवा एखादं यान जोडलं जाणार असतं तेव्हा हौशी रेडिओ बहुधा बंद ठेवतात. कोलंबसमधला संच कधीकधी आवाजाच्या रिपीटरवर (बोलणं ऐकून पुन्हा प्रसारित करण्यावर) लावलेला असतो, तो ४३७.८०० वर ऐकू येतो. हौशी रेडिओचं स्थानकावरचं काम पाहणाऱ्या एरिस संघटनेच्या संकेतस्थळावर सध्या काय चालू आहे ते दिलेलं असतं.

ऐकू येतंय पण आपलं परत येत नाही, तर पहिला संशय आवाजाच्या पातळीवर घ्या. पॅकेट म्हणजे १२०० आणि २२०० हर्ट्झचे दोन सूर. लॅपटॉपचा व्हॉल्यूम चढवला की सूर चेपले जातात, आणि स्थानकाला मोठा पण न वाचता येणारा गोंगाट ऐकू येतो. डेव्हिएशन (आवाजामुळे फ्रिक्वेन्सी जितकी सरकते ते अंतर) तीन ते साडेतीन किलोहर्ट्झच्या आसपास हवं. मोजायचं साधन नसेल तर मित्राच्या संचावर ऐका आणि आवाज कमी करत जा. पॅकेटच्या शेवटी तपासणीचा १६ बिटांचा आकडा असतो. एक बिट जरी चुकला तरी स्थानक अख्खं पॅकेट फेकून देतं, अर्धंमुर्धं काही पुढे जात नाही.

दुसरा संशय टक्करीवर. जमिनीवर आपण पाठवण्याआधी हवा मोकळी आहे का ते ऐकतो. इथे ते कामाचं नाही, कारण मडगावच्या हॅमला दिल्लीच्या हॅमचं प्रसारण जमिनीवरून ऐकूच येत नाही. दोघे एकाच क्षणी बोलतात, वर जाऊन दोघांचं भांडण होतं. अशा न ऐकता बोलणाऱ्या वाहिनीची मर्यादा गणिताने काढलेली आहे: उत्तमात उत्तम परिस्थितीतही जेमतेम १८ टक्के वेळ कामी लागतो, आणि त्याहून जास्त रेटलं तर पोचणारी पॅकेटं उलट घटतात. एफएममध्ये जोरदार सिग्नल दुबळ्याला दाबून टाकतो, म्हणून मोठ्या शक्तीचे लोक निवांत असतात. त्यांच्याशी शक्तीने स्पर्धा करू नका, वेळेने करा. पासाच्या अगदी सुरुवातीला आणि अगदी शेवटी, जेव्हा दाट वस्तीचा प्रदेश स्थानकाच्या नजरेबाहेर असतो, तेव्हा पाठवा. नैऋत्येकडून चढणाऱ्या पासाची पहिली दोन मिनिटं गोव्याला याच कारणाने लाभतात.

तिसरी गोष्ट: तेच पॅकेट अर्ध्या मिनिटाच्या आत पुन्हा पाठवलं तर डिजिपीटर सहसा ते नक्कल समजून गिळून टाकतो. उगाच ठोकत बसण्यात फायदा नाही. एका पासात चार-पाच पॅकेटं खूप झाली. एकदा परत ऐकू आलं की थांबा आणि ऐका. गंमत ऐकण्यात जास्त आहे हे मी सगळ्यांना सांगतो. पटतं फार थोड्यांना.

डॉप्लरसाठी फ्रिक्वेन्सी बदलत राहावी लागते का?

या पट्ट्यात नाही. स्थानकाच्या वेगामुळे फ्रिक्वेन्सीत पडणारा फरक जास्तीत जास्त साडेतीन किलोहर्ट्झचा, एफएमच्या रुंदीत तो मावतो. ४३७ मेगाहर्ट्झवर तो दहा किलोहर्ट्झच्या घरात जातो, तिथे मात्र हात चालवावा लागतो.

पावसाळ्यात चालतं का?

पावसाचा या फ्रिक्वेन्सीवर जवळजवळ काही परिणाम नाही. पावसाचा परिणाम होतो तो आपल्या सामानावर. जोडामध्ये पाणी शिरलं की कोअॅक्स आतून काळी पडते आणि चतुर्थीपर्यंत सगळं बहिरं झालेलं असतं. खारा वारा बारा महिने पितळेवर हिरवा थर चढवतो. जोडांवर आपोआप चिकटणारी रबरी पट्टी आणि वर इन्सुलेशन टेप, आणि केबलला घरात शिरण्याआधी खाली एक वळसा, म्हणजे पाणी तिथून गळून जातं. वीज कडाडत असेल तर पास कितीही चांगला असो, अँटेना काढून ठेवा. मे अखेरच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात तर विचारूच नका.

दुबईतल्या भावाशी यावरून बोलता येईल?

त्याच्याकडे तिथला परवाना असेल तर निरोपांची देवाणघेवाण होऊ शकते. गोवा ते दुबई सुमारे २,२०० किलोमीटर. स्थानक दोघांच्या मध्ये समुद्रावर असताना दोघांनाही चांगलं दिसतं. असा पास दोन-तीन दिवस आधी हेरून वेळ ठरवा. परवाना नसेल तर तो फक्त तिथलं आकाश बघून हात हलवू शकतो.

वादळात मोबाइल बंद पडले तर हे कामी येईल?

मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा गोव्यात कित्येक ठिकाणी दिवसेंदिवस वीज नव्हती, म्हणून हा प्रश्न येतो. खरं सांगायचं तर स्थानकावर विसंबू नका. दिवसातून थोडेच पास, दरवेळी दहा मिनिटं, तेही वरचा संच चालू असेल तर. आपत्तीत कामाला येतात ते एचएफवरचे (लांब पल्ल्याचे) आणि स्थानिक, जवळच्या पल्ल्याचे व्हीएचएफचे संच, चार्ज केलेली बॅटरी आणि सराव असलेली माणसं. यातला सराव मात्र पॅकेटच्या नादाने होतो.

माझं पॅकेट इंटरनेटच्या नकाशावर कसं दिसेल?

स्थानकाकडून ऐकलेलं पॅकेट कोणीतरी जमिनीवरचा गेटवे, म्हणजे इंटरनेटला जोडलेलं रेडिओ स्टेशन, इंटरनेटवर चढवतो, तेव्हा. समुद्रावरच्या शांत पासाचा हा तोटा: डिजिपीट झालेलं पॅकेट तुम्ही कानाने ऐकता, पण ते नकाशावर चढवायला खाली दुसरं कोणी नसतं. उपाय सरळ आहे. घरच्या लॅपटॉपवर डायरवुल्फ चालू ठेवून तुम्हीच गेटवे व्हा. फक्त ऐकणारा गेटवे ठेवला तरी मालदीव, श्रीलंका, लक्षद्वीप इथल्या हॅमची पॅकेटं तुमच्यामुळे नकाशावर येतील. गोव्यासारख्या किनाऱ्यावर असा कान असण्याची गरज आहे, आणखी एका बडबड्या स्टेशनाची तेवढी नाही.

ग्रिड गोळा करणारे गोव्याबद्दल सारखं का विचारतात?

ग्रिड म्हणजे हॅमच्या नकाशावरचे अक्षांश-रेखांशांचे चौकोन. गोव्याबद्दल विचारतात कारण ७४ अंश पूर्व रेखांश फोंड्याच्या अगदी जवळून जातो आणि ग्रिडची सीमा त्याच रेषेवर आहे. पणजी, म्हापसा, मडगाव एमके६५ मध्ये, रेषेच्या पूर्वेचा गोवा एमके७५ मध्ये. काणकोणच्या दक्षिण टोकाला पोळेकडे १५ अंशांची रेषा ओलांडली की एमके७४. एका रविवारी स्कूटरवरून तिन्ही ग्रिड होतात. पॅकेटच्या ओळीत ग्रिड लिहा, लांबचे हॅम खूश होतात.

शाळेतल्या मुलांना दाखवता येईल?

जरूर, पण पाठवण्याने सुरुवात करू नका. अधूनमधून स्थानकावरून १४५.८०० वर चित्रं पाठवतात, एसएसटीव्ही म्हणतात त्याला. फोन संचाजवळ धरला तरी ॲप चित्र उलगडून दाखवतं, आणि ओळीओळीने उमटणारं चित्र बघताना सातवीचा वर्ग गप्प बसतो. पॅकेट त्यानंतर दाखवा. मुलांनी आपल्या गावाचं नाव ओळीत लिहायचं, बटण परवानाधारकाने दाबायचं.

स्थानक किती वर्षं राहणार?

२०३० च्या आसपास ते काम थांबवून समुद्रात उतरवायचा बेत आहे, आणि त्यासाठी लागणारं यान बांधायचं काम नासाने २०२४ मध्ये स्पेसएक्सला दिलं. आपल्याला याची सवय आहे. भारताचा स्वतःचा हॅमसॅट उपग्रह २००५ मध्ये पीएसएलव्हीवरून गेला आणि २०१४ पर्यंत चालला. त्याआधी मीर या रशियन अवकाश स्थानकावरही पॅकेटने निरोप ठेवायची पेटी होती. पॅकेट डिजिपीट करणारे छोटे उपग्रहही वेळोवेळी सोडले जातात, त्यांतले काही याच १४५.८२५ वर. तेव्हा यागी मोडीत काढू नका.